शब्दचर्चा: ‘बाहूची मध्य त्वचा-तंत्रिका’ चालेल का?

शहापूरकर: काखेतल्या गाठी काढल्यावर पेशंटला द्यायचं पत्रक मराठीत करतोय. मुळात ‘मीडियल क्यूटेनियस नर्व्ह ऑफ आर्म’ आहे. ‘बाहूची मध्य त्वचा-तंत्रिका’ केलं, तर तपासणाऱ्यानं ‘मध्य’वर लाल रेघ मारली. चुकलं काय?

ताणलेली शीर: रेघ बरोबर. ‘मध्य’ म्हटलं की मीडियन नर्व्ह, ती वेगळीच नस. तीही दंडातूनच जाते, पण दंडाच्या कातडीला एकही फांदी न देता खाली तळहाताकडं उतरते. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडची बाजू. परिभाषेत ‘अभिमध्य’, बोलण्यात ‘आतली’.

निपाणीवाला: आणि ‘बाहू’ कशाला? तो बोटांपर्यंत जातो. शरीरशास्त्रातला ‘आर्म’ कोपराशी संपतो, त्याला आपल्याकडं दंड म्हणतात. पैलवान थोपटतो तो.

कुंदाप्रेमी: ‘दंड भरून येईल’ असं छापा, लोक बिलाच्या खिडकीवर भांडायला जातील. बखोट लिहा. बगल अधिक खोट, काख आपोआप आली.

निपाणीवाला: ही व्युत्पत्ती घरीच ठेवा. बखोट धरून बाहेर काढतात, त्यात खोट कुठनं आली?

खानापूर रोड: तंत्रिका, चेता की मज्जातंतू? विश्वकोशात पहिली, शाळेच्या पुस्तकात दुसरी, आणि पेशंट म्हणतो शीर. शीर लिहिली की तो रक्ताची समजतो. कन्नडवाले ‘नर’ म्हणतात, ते मराठी पत्रकात घालून बघा!

ताणलेली शीर: शब्द राहू दे, नसच दुसरी असायला हवी. या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा दुखावते ती इंटरकोस्टोब्रेकियल. दुसऱ्या बरगडीखालच्या नसेची (टी२, म्हणजे कण्यातून निघणारी छातीची दुसरी नस) फांदी, काख ओलांडून दंडाच्या आतल्या, वरच्या भागाला येते. पत्रकातली नस सी८-टी१ची (मानेची आठवी, छातीची पहिली), ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्यातल्या मीडियल कॉर्ड या जुडग्यातून निघते, दंडाच्या साधारण मध्यावर कातडीखालचा खोल पडदा भेदते आणि तिथून कोपराच्या आतल्या हाडापर्यंतची कातडी सांभाळते. दोघी काखेत एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळं हद्द आखीव नसते (हे सीमाभागातल्या आपल्याला नव्यानं सांगायला नको). टी२ प्लेक्ससच्या ब्लॉकमध्ये (त्या जाळ्याला दिलेल्या भुलीत) सापडत नाही. म्हणून हात बधिर करूनही टूर्निकेट (रक्त थांबवायला दंडाला आवळलेला पट्टा) आतल्या बाजूला दुखू शकतो, आणि काखेलगत कातडीखाली भुलीचं वेगळं इंजेक्शन कधी कधी देतात. पत्रकात नाव नकोच. ‘काख आणि दंडाची आतली बाजू बधिर राहू शकते, वस्तरा लागला, गरम पिशवीनं भाजलं तरी कळणार नाही, जपा’ एवढं पुरे.

कुंदाप्रेमी: बधिर म्हणजे बहिरा. हाताला मुंग्या येतात.

खानापूर रोड: बहिरा ‘बधिर’वरूनच आला, म्हणून दुसरा अर्थ मरत नाही. बधिरीकरण काय कानाचं करतात? आणि मुंग्यांत काहीतरी जाणवतं, बधिरपणात काहीच नाही. पत्रकात दोन्ही वेगळे हवेत.

निपाणीवाला: कन्नडात दोन्हीला ‘जोमु’ चालतं.

कुंदाप्रेमी: ‘हाताला जोम आलाय’ म्हणा, मराठी डॉक्टर टाके काढून घरी पाठवेल.

शहापूरकर: मग ‘अभिमध्य’ लिहू की ‘आतली’? उद्या छपाईला जातंय.

निपाणीवाला: आधी ‘बधिर’ ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवा. मी दीर्घच लिहितो.