शिकागो–मुंबई–पुणे: कार सीट सोबत न्यायची की नाही?

कोथरूडकर_शिकागोत
मंडळी, डिसेंबरात शिकागोहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई आणि तिथून टॅक्सीने पुणे असा बेत आहे. मुलगी अडीच वर्षांची, १३ किलो, ९२ सेंमी. तिचं वेगळं तिकीट काढलंय. घरच्या गाडीतली तिची कार सीट (लहान मुलांना गाडीत बांधून बसवायची) ११ किलोची आहे. तीच न्यावी, हलकी घ्यावी, की नुसत्या केअर्स हार्नेसवर (विमानाच्या सीटला अडकवायचे मुलांचे पट्टे) भागवावं? आणि दोन केबिन बॅगा, मुलगी आणि सीट हा संसार विमानतळावर दोघांनी ओढायचा कसा?

तिसरी_रांग
११ किलोचं धूड घरीच राहू द्या. केअर्स हार्नेस १० ते २० किलो आणि साधारण १०२ सेंमी उंचीपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या मुलीला बसेल. पण तो फक्त विमानातल्या सीटसाठी आहे, गाडीत त्याचा उपयोग शून्य. मुंबई-पुणे प्रवास करायचाय, तेव्हा सीट हवीच. कॉस्को या कंपनीच्या सीनेरासारखी साधी कार सीट पाच किलोच्या आत येते.

घेण्याआधी बाजूचं लेबल वाचा. गाडी आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचं लाल अक्षरांत छापलेलं असतं. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्याच्या नियमानुसार मुलाचं तिकीट आणि हे लेबल असेल तर अमेरिकन कंपनी सीट नाकारू शकत नाही. फ्रँकफर्टपुढचं विमान दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असेल तर हा नियम तिला लागू नाही. सीटचं मॉडेल आणि रुंदी सांगून ईमेलवर होकार घ्या आणि तो छापून जवळ ठेवा. तोंडी 'हो' गेटवर कुणी विचारात घेत नाही.

चाकं_निखळली
ओढायची युक्ती सोपी आहे, सीटसाठी वेगळी ट्रॉली विकत घेऊ नका. केबिन बॅग उभी करून हँडल पूर्ण वर काढा. सीटची पाठ हँडलच्या नळ्यांना टेकवा. लॅचचा, म्हणजे सीट गाडीला हुकांनी जोडायच्या सोयीचा, खालचा पट्टा (दोन टोकांना दोन हुक असतात तो) बॅगेच्या मागून फिरवून हुक एकमेकांत अडकवा आणि गच्च ओढा. वरचा टेदर (सीटच्या पाठीच्या वरच्या टोकाचा पट्टा) हँडलवरून घेऊन ताणा. गुडघ्याने दाबत पट्टा ओढला नाहीत तर पन्नास पावलांत सीट एका अंगाला कलते.

बॅग दोन चाकांची घ्या. चार चाकांची उभी ढकलली की वरच्या वजनाने मागे कलंडते. पोरगी त्यात बसायला मागेल, लोक बसवतातही, पण सरकत्या जिन्यावर अजिबात नाही.

एक्स-रेला सीट बॅगेपासून सोडवावी लागते, तेव्हा हुक कसे सुटतात याचा घरी दोनदा सराव करा. पट्ट्यावर ठेवताना हार्नेसचं बकल लावून टाका, टेदर गुंडाळून रबरबँड घाला, नाहीतर सुटी टोकं रोलरमध्ये जातात. सीट यंत्रात मावली नाही तर हाताने तपासतात, त्यासाठी दहा मिनिटं जास्त धरा.

तिसरी_रांग
आत शिरल्यावरचं राहिलं. विमानातली वाट खालच्या बाजूला जास्त अरुंद असते. मोठ्या विमानांसाठी अमेरिकेचा किमान नियम २५ इंच उंचीच्या खाली १५ इंच आणि वर २० इंच. सतरा-अठरा इंची सीट जमिनीलगत ओढलीत की प्रत्येक आर्मरेस्टला धडकणार. हातांत आडवी धरून आर्मरेस्टच्या वरून न्या.

जागा खिडकीची घ्या. मधल्या चार सीटांच्या ओळीत आतली सीटही चालते. आपत्कालीन दाराची रांग, तिच्या पुढची आणि मागची, तिन्ही टाळा. सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची रांगही नको. ट्रे आर्मरेस्टमध्ये असल्याने आर्मरेस्ट वर उचलता येत नाही आणि कार सीट अडकून बसते. पट्ट्यात एअरबॅग असलेल्या जागाही लहान मुलाच्या सीटला चालत नाहीत.

लॅच आणि टेदर विमानात कामाचे नाहीत, तिथे फक्त कमरेचा पट्टा. कार सीटला पट्टा ओवायच्या खाचा असतात, त्यातल्या पुढे तोंड करून बसवण्यासाठीच्या खाचेतून तो ओवा, बकल लावा, गुडघा सीटवर टेकवून टोक ओढा. बकल नेमकं मुलीच्या पाठीशी आलं तर ते टोचतं आणि नंतर सुटताही सुटत नाही. अशा वेळी कर्मचाऱ्यांकडून जोडपट्टा मागा, बकल बाजूला सरकतं. उतरताना बकल अडकून मागचे लोक खोळंबतात. त्यावर उपाय म्हणजे लावतानाच अर्धा पीळ देऊन बकलची पापडी (उघडताना उचलतो ती) विमानाच्या सीटकडे करायची.

घाटातला_ड्रायव्हर
मुंबईनंतरचं मी सांगतो, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. अमेरिकन गाडीतला खांद्याचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की कट-कट आवाज करत आत जातो आणि परत बाहेर येत नाही, म्हणजे लॉक होतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत असं होत नाही, पट्टा फक्त जोराच्या झटक्याला अडकतो. म्हणजे तुमची सीट बसवून झाल्यावर हलवली तर डुलणारच. स्वस्त सीटला स्वतःचा लॉक नसतो, तेव्हा एच आकाराची लॉकिंग क्लिप सोबत आणा. टॅक्सीला आयसोफिक्सच्या कड्या (मागच्या सीटच्या फटीतल्या, मुलांची सीट अडकवायच्या) असतील तर लॅचचे हुक त्यात लागतात, क्लिपची गरज नाही.

क्लिप लावायची ती अशी: पट्टा ओवून बकल लावा, सीट दाबून पट्टा घट्ट ओढा. जिभेजवळ (बकलमध्ये जाणारं धातूचं टोक) कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे चिमटीत धरा, चिमूट न सोडता बकल काढा, जिभेपासून इंचभर अंतरावर क्लिपमध्ये दोन्ही पट्टे सरकवा आणि परत बकल लावा. शेवटचं लावताना जोर लागतो. सहज लागलं तर पट्टा सैल राहिलाय, पुन्हा करा. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये.

टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मागचे बेल्ट आणि बकल कव्हरखालून बाहेर काढून ठेवा." बऱ्याच गाड्यांत बकल सीट कव्हरखाली गाडलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता पार्किंगमध्ये ते शोधण्यात मजा नाही. मागच्या सीटवर बेल्टच नसेल तर गाडी बदलून मागा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे.

कोथरूडकर_शिकागोत
आभार! हलकी सीट घेतोय. एकच शंका. पुढच्या कंपनीने सीट आत नेऊ दिली नाही तर?

चाकं_निखळली
मग गेटवर टॅग लावून द्या, पण टॅगवरचा कोड वाचा. बीओएम लिहिलं असेल तर सीट फ्रँकफर्टला मिळणार नाही, थेट मुंबईला सामानासोबत येईल. जाड पिशवीत घाला. मिळाल्यावर कवचाला तडा, आतल्या फोमला भेग, हार्नेसचं बकल 'कट' वाजून बसतंय का आणि पट्टा मागेपुढे सरकतोय का, एवढं काउंटरवरून हलण्याआधी बघा. तक्रार तिथेच लिहून द्यावी लागते.