मदत हवी आहे: आयुष्यात पाहायलाच हवेत असे सिनेमे ठरवायचे कसे?

मंडळी, आयुष्यभरात पाहायलाच हवेत अशा सिनेमांची यादी करायला बसलोय आणि पार गोंधळलोय. 'साइट अँड साउंड' हे सिनेमावरचं ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वोत्तम सिनेमा कोणता यावर समीक्षकांचा कौल घेतं. म्हटलं, तेच प्रमाण मानू. पण तिथेही गादी बदलत राहते! आधी 'बायसिकल थीव्ज', मग १९६२ ते २००२ सलग 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल अकरमनचा 'जान दिलमान'. हा शेवटचा तीन तास वीस मिनिटांचा. बाई बटाटे सोलतेय, भांडी घासतेय आणि आपण बघतोय. मला आवडला, पण यादीची सुरुवातच त्याने केली असती तर तिथेच रामराम ठोकला असता.

म्हणजे खरी अडचण क्रमाची आहे. मूकपटांपासून काळानुसार यावं, की एकेक दिग्दर्शक धरावा? माझं मन दिग्दर्शकाकडे झुकतंय, कारण जपानी दिग्दर्शक ओझूचे दोन-तीन सिनेमे लागोपाठ पाहिले की त्याची लय अंगवळणी पडते. पण मग कुरोसावा, बर्गमन, राय यांच्यातच वर्षं जातील आणि इराण, आफ्रिका राहूनच जाईल.

शंभराच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत. तुम्ही आपणहून दुसऱ्यांदा पाहिलेला एकच सिनेमा आणि त्याआधी काय पाहिलेलं असावं, एवढं सांगाल का? सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेंबेन याचे सिनेमे पाहायला सुरुवात कुठून करावी हेही हवंय. (विनोदी सिनेमे अशा याद्यांत इतके कमी का, यावर भांडायलाही तयार आहे.)