मदत हवी आहे: सोरायसिस असलेल्या भावाला हृदयाच्या तपासण्या कशासाठी?

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

दादा ४३ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. विशीपासून सोरायसिस आहे. कोपर, गुडघे, पाठ, डोकं, सगळीकडे चट्टे. सकाळी चादर झटकली की कोंडाच कोंडा. पूर्वी रोज तालमीत जायचा. लंगोट लावून हौद्यात उतरला तेव्हा एकजण म्हणाला, "लागण होईल, मातीत नको." त्या दिवसापासून तालीम बंद. (हा रोग लागट नाही, पण किती जणांना सांगत फिरायचं?) मेहनत सुटली, गंगावेशीतलं दूध, रविवारचा तांबडा-पांढरा आणि सिगारेट तेवढी राहिली. पोट सुटलं. मध्यंतरी कुणीतरी दिलेल्या इंजेक्शनने आठ दिवसांत अंग स्वच्छ झालं आणि पुढच्या महिन्यात दुपटीने उसळलं. ते स्टिरॉइड होतं, हे मागाहून कळलं.

गेल्या आठवड्यात नवीन त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी टेपने कंबर मोजली, बीपी घेतलं (१४८/९६), सकाळी बोटं आखडतात का, घरात कुणाला अटॅक आलाय का, असं विचारलं. आमच्या बाबांना ५२ व्या वर्षी आला होता. मग उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) लिहून दिलं. दादा बाहेर येऊन म्हणतो, "कातड्याच्या डॉक्टरला माझ्या काळजाचं काय पडलंय? बिल वाढवायचे धंदे!" वहिनीही त्याच्याच बाजूने.

खरंच संबंध असतो का? आणि आता थेट हृदयतज्ज्ञांकडे न्यायचं का?

प्रतिसाद १
असतो, ताई. सोरायसिस दिसतो कातडीवर, पण प्रतिकारशक्ती बिथरल्यामुळे होणारा दाह अंगभर असतो. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचायला तोच हातभार लावतो. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर २००६ साली अभ्यास झाला होता. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला, सौम्य असेल तर बराच कमी. तिशीत मुळात धोका थोडा, त्याची तिप्पट, म्हणून घाबरू नका. पण दादांचं बीपी, सिगारेट आणि बाबांचा अटॅक यात मिळवा. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक सूचनांतही धोका वाढवणाऱ्या गोष्टींत सोरायसिस आहे. डॉक्टरांनी नेमकं विचारलंय.

प्रतिसाद २
आधी रिपोर्ट, मग एखादे एमडी मेडिसिन. छातीत भरून येणं, जिना चढताना धाप, असं काही असेल तर मात्र थांबू नका. बीपीची गोळी लिहिणाऱ्याला सोरायसिस आठवणीने सांगा. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी काहींचे चट्टे वाढतात. उलट सोरायसिससाठी सायक्लोस्पोरिन दिलं तर त्याने बीपी चढतं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

धागाकर्ती
आभार. दोन्ही प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. बाबांचं नाव निघाल्यावर गप्प झाला. सुट्टीच्या दिवशी रक्त द्यायला येतो म्हणालाय. सिगारेटचा विषय काढला तर उठून गेला. रात्री मात्र स्वतःहून विचारलं, "परत तालमीत गेलो तर चालेल काय गं?" चट्ट्यांवर लाल माती चालते का, कुणाला अनुभव आहे?