उन्हाळी सुट्टीतील बायबल शाळा मुलांपुरती न राहता घरापर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न : संडे स्कूल शिक्षिका, सातारा

सर्वांना सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचे चर्च, सातारा शहरातील असून लहान आहे. मे महिन्यातील बायबल शाळेची, म्हणजे आपण सगळे जिला व्ही.बी.एस. म्हणतो तिची, जबाबदारी या वर्षी कमिटीने माझ्यावर सोपवली आहे. मुले येतात, कृतिगीते म्हणतात, चित्रे रंगवतात, सुवचने पाठ करतात आणि शेवटच्या दिवशी पालक कार्यक्रम पाहून, बक्षिसे घेऊन घरी जातात. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की त्या आठवड्याचा मागमूसही घरात राहत नाही, ही माझी खरी चिंता आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मुलांना शिकवण्याचे काम घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना करायला सांगितले आहे. ते आईवडिलांचे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि आपण मात्र ते चार-सहा स्वयंसेवकांवर टाकून मोकळे होतो.

अडचणीही आहेत. मे महिन्यात आमची निम्मी मुले आजोळी जातात आणि त्याच वेळी मुंबई-पुण्याहून इतरांची नातवंडे साताऱ्यात येतात, त्यामुळे पहिल्या दिवशीचा वर्ग आणि शेवटच्या दिवशीचा वर्ग एकच असेल याची खात्री देता येत नाही. बाजारात मिळणारे छापील साहित्य आकर्षक असते. परंतु त्यातील चित्रे आणि खेळ आमच्या मुलांच्या जगाशी फारसे जुळत नाहीत. आजी-आजोबा उत्सुक असतात, पण त्यांना खुर्चीवर बसवून ठेवण्यापलीकडे आम्ही काही काम देत नाही. किती दिवसांचे शिबिर घ्यावे, कोणता पाठ घ्यावा आणि पालकांना प्रेक्षकांच्या जागेवरून कसे उठवावे, याविषयी आपल्या अनुभवातून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, मिरज

ताई, सलाम. आपण चिंता योग्य ठिकाणी धरली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी पहिली सूचना अशी की, दहा दिवसांत दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगण्याऐवजी चार दिवसांत एकच गोष्ट सांगावी आणि ती रूथची असावी. रूथचे पुस्तक चारच अध्यायांचे आहे, त्यामुळे रोज एक अध्याय सहज होतो. ते पुस्तक मुळात एका कुटुंबाचे आहे. दुष्काळामुळे गाव सोडून परमुलखात गेलेले घर, तिथे आलेली मरणे, सासू-सुनेची परतीची वाट, दुसऱ्याच्या शेतात वेचलेला सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसे, आणि अखेर मांडीवर आलेले नातवंड, हे सगळे आपल्या भागातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माण-खटावमधून पोटासाठी मुंबईला गेलेली घरे आणि खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगलेली माणसे आपल्या सर्वांच्या माहितीची आहेत. मे महिन्यात जी नातवंडे आपल्याकडे येतात, ती अशाच घरांची असतात. म्हणजे आपण जिला अडचण म्हणता, ती या पाठाची सामग्रीच आहे.

पहिल्या दिवशी मुलांना घरी विचारायला एकच प्रश्न द्यावा : आपले घराणे या गावात कोठून आले आणि का आले? उत्तर आजी-आजोबांकडे असेल. ते घरात नसतील तर मुलाने फोन करून विचारावे. दुसऱ्या दिवशी वर्गाची सुरुवात या उत्तरांनी करावी. त्यामुळे आदल्या दिवशी नसलेल्या मुलालाही गोष्ट कुठवर आली ते इतरांच्या तोंडून कळते, आणि मुलगा घरी जे बोलला त्याला वर्गात किंमत आहे हे पालकांनाही दिसते.

दुसरा दिवस शेताचा. रब्बीच्या शाळूची किंवा गव्हाची काही कणसे कोणाकडून तरी आताच मागून कोरड्या जागी ठेवावीत. मंडळीतील ज्या आज्यांनी हयातभर शेतात काम केले, त्यांनी मुलांना कणसे बडवून, सुपात पाखडून दाखवावे आणि मुलांच्या हातीही सूप द्यावे. रूथने संध्याकाळपर्यंत वेचून झोडपलेले सातू एक एफा, म्हणजे सुमारे २२ लिटर, भरले असे दुसऱ्या अध्यायात आहे. दोन मध्यम आकाराच्या बादल्या समोर ठेवल्या की एका दिवसात तेवढे वेचणे किती कष्टाचे, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळते. शेताचा मालक बवाज याने कापणाऱ्यांना मुद्दाम काही कणसे पेंढ्यांतून गळू द्यायला सांगितले होते, तो भाग मोठ्या मुलांकडून बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील नियमासह वाचून घ्यावा. शेताच्या कडा गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवाव्यात असा तो नियम आहे. मग प्रत्येक घराने धान्याची एक पिशवी भरून आणावी आणि गावाबाहेरून रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ती द्यावी. मिरजेत १८९४ सालापासून मिशन रुग्णालय असल्याने अशा नातेवाइकांची सोय पाहणे आमच्या मंडळीला नवे नाही. साताऱ्यातही अशी माणसे शोधावी लागणार नाहीत.

तिसऱ्या अध्यायातील रात्रीच्या खळ्याचा प्रसंग लहान मुलांना सविस्तर सांगू नये. रूथने बवाजाकडे आपल्या घराला आधार मागितला आणि त्याने तिचा मान राखला, एवढे त्यांना पुरे आहे. चौदा वर्षांवरील मुलामुलींना मात्र पूर्ण अध्याय वाचू द्यावा, कारण विश्वासाने आपल्याजवळ आलेल्या माणसाशी कसे वागावे हा प्रश्न त्यांच्या वयाचा आहे आणि चर्चमध्ये त्यावर बोलले जात नाही.

चौथ्या दिवशी वंशावळ. पुस्तकाच्या अखेरीस ओबेद, इशाय, दावीद अशी नावे येतात आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आहे. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांसोबत बसून आपली वंशावळ मोठ्या कागदावर लिहावी आणि ते कागद रविवारी चर्चच्या भिंतींवर लावावेत.

तारखांविषयीही एक सुचवतो. यहुदी लोक रूथचे पुस्तक सप्ताहांच्या सणाला वाचतात, आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा आपला सण, मुळात त्याच सणाचा दिवस. २०२६ साली पेंटेकॉस्टचा रविवार २४ मे रोजी येतो. बुधवार २० मे ते शनिवार २३ मे शिबिर आणि रविवारी सर्व कुटुंबांची एकत्र उपासना, अशी मांडणी केली तर शिबिराचा शेवट वेगळ्या स्नेहसंमेलनाने न होता मंडळीच्या उपासनेत होईल.

गाण्यांबद्दल माझे मत ठाम आहे. मुलांना टाळ्यांची गाणी अवश्य शिकवा. पण निदान एक भजन असे घ्या की जे आजोबांना पाठ आहे आणि नातवाला नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या उपासनेला अभंग आणि ओवी दिली, आणि १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला तो आपल्याच साताऱ्यात. त्या शहरातील ख्रिस्ती मुलाला पेटी, तबला आणि झांजांच्या साथीने एक अभंग म्हणता येऊ नये, हे मला सहन होत नाही. शिकवण्याचे काम आजोबांकडे द्या. त्यांना खुर्चीवरून उठवण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

उत्तर : परिचारिका आणि मंडळीतील स्वयंसेविका, सांगली

वरील काकांचा आराखडा मला फार आवडला. मी केवळ मुलांच्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी लिहिते, कारण नियोजनाच्या बैठकीत हे विषय शेवटी येतात आणि घाईत उरकले जातात.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. साताऱ्यात थोडा कमी असला तरी दुपारी पत्र्याखालच्या हॉलमध्ये मुलांना बसवणे योग्य नाही. सकाळी साडेसात ते साडेदहा हीच वेळ ठेवा आणि लगोरी, लंगडी असे मैदानी खेळ नऊच्या आत संपवा. पिण्याचे पाणी कोठून येणार आणि ते कोण भरणार, हे नावासह ठरवा. लिंबू सरबत, ताक, कलिंगड आणि भडंग एवढे खाणे पुरेसे आहे. कापलेले कलिंगड फार वेळ उघडे ठेवू नये आणि दुधाची मिठाई उन्हाळ्यात वाटूच नये. ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. एखादे मूल घेरी येते म्हणाले, त्याला मळमळू लागले किंवा ते नेहमीपेक्षा गप्प झाले, तर लगेच सावलीत नेऊन अंग ओल्या कापडाने पुसावे. ते असंबद्ध बोलू लागले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काही न पाजता थेट रुग्णालयात न्यावे.

सुरक्षिततेचा नियम साधा आहे : कोणताही प्रौढ माणूस, मग तो कितीही जुना आणि विश्वासू असो, मुलासोबत बंद खोलीत एकटा असता कामा नये. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसे हवीत. मुलाला घरी कोण नेणार, याची नोंद वहीत असावी. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे आणि असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर तो पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. चर्चची बदनामी होईल म्हणून प्रकरण कमिटीतच मिटवण्याला कायद्यात जागा नाही आणि आपल्या विश्वासातही नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

शेजारची इतर धर्मांची मुलेही खेळायला येतात. त्यांच्या पालकांना शिबिरात बायबलमधील गोष्टी आणि प्रार्थना असतील हे स्पष्ट सांगून, मराठीत लिहिलेल्या पत्रावर त्यांची सही घ्या. शेजाऱ्याचा विश्वास टिकवायचा असेल, तर त्याला आधी सगळे सांगितले पाहिजे. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲप गटांवर टाकू नयेत, हेही त्याच पत्रात लिहावे.

उत्तर : पाळक, कराड

सलाम. पाठाची निवड उत्तम आहे. मात्र घराघरांतून मुलांना प्रश्न देण्याच्या कल्पनेबाबत एक सावधगिरी सुचवतो.

आपल्या मंडळ्यांतील सर्व घरे सारखी नाहीत. काही घरांत एकटी आईच विश्वासात असते आणि वडिलांना मुलाचे चर्चमध्ये येणे फारसे रुचत नाही. काही आया दिवसभर दुसऱ्यांच्या घरी काम करून येतात, मग स्वयंपाकाला लागतात. काही वडील एमआयडीसीत रात्रपाळीला असतात. अशा घरी मुलाने वही घेऊन जावे आणि दुसऱ्या दिवशी ती कोरी परत आणावी लागली, तर त्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागेल. म्हणून उत्तर आणणे हा नियम नसावा, आणि कोणी आणले, कोणी नाही याची नोंदही ठेवू नये. हजेरीचे बक्षीस तर बंदच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे; आजोळी जाणारे मूल काही अपराध करत नाही.

कुटुंबांना एकत्र आणायचे असेल, तर घरोघरी सभा ठेवण्यापेक्षा चर्चच्या आवारात दोन संध्याकाळी जमावे. सभा घरी असली की चहा-नाश्त्याचा खर्च आणि दडपण त्या घरावर येते; ज्यांची खोली लहान आहे, ते आमंत्रण द्यायलाच धजत नाहीत. आवारात चटया टाका, पुरुषांनी मसालेभात शिजवावा आणि वाढावा, महिला मंडळाने त्या दिवशी केवळ जेवायला यावे. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या वडिलांना मुले ज्या नजरेने पाहतात, ती मी पाहिली आहे. जेवणाआधी एका वडिलांनी आणि त्यांच्या मुलीने मिळून त्या दिवसाचा अध्याय मोठ्याने वाचावा; वाचता न येणाऱ्या वडिलांनी तो आपल्या शब्दांत सांगावा.

आपल्या मूळ चिंतेचे उत्तर मात्र मेमध्ये नाही, ते जून-जुलैमध्ये आहे. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांच्या घरी पावसाळ्यात एकदा जावे, अर्धा तास बसावे, रूथची गोष्ट कुठे आठवते का ते विचारावे आणि त्या घरासाठी प्रार्थना करावी. शिबिराच्या अंदाजपत्रकात या भेटींच्या बसभाड्याची तरतूद आताच करून ठेवा. नाहीतर जूनमध्ये त्यासाठी कोणी पैसे मागणार नाही आणि कोणी देणारही नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, सातारा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रूथचे चार दिवस, सकाळची वेळ, गुरुवारी आणि शनिवारी आवारातील संध्याकाळ आणि २४ मे रोजी कौटुंबिक उपासना, असा आराखडा मी कमिटीपुढे ठेवणार आहे. आमच्या मंडळीतील एका आजोबांना मी भजनाविषयी आजच विचारले आणि त्यांनी पेटी दुरुस्तीला टाकायला काढलीसुद्धा.

एक शंका उरते. आमच्याकडे वसतिगृहात राहणारी काही मुले येतात आणि दोन मुले अशी आहेत की ज्यांच्या आईवडिलांविषयी बोलणे त्यांना सोसत नाही. चौथ्या दिवशी वंशावळ लिहायला सांगितले, तर या मुलांनी काय लिहायचे?

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, मिरज

ताई, हा प्रश्न मी आधीच विचारात घ्यायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर त्याच चौथ्या अध्यायात आहे. रूथला मुलगा झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या की तिच्या सासूला, नामीला, मुलगा झाला. नामीचे त्या बाळाशी रक्ताचे नाते नव्हते. तिने त्याला मांडीवर घेतले आणि ती त्याची दाई झाली. त्या बाळाचे नावदेखील शेजारणींनीच ठेवले.

म्हणून ‘वंशावळ’ हे शीर्षक कागदावर लिहूच नका. सर्व मुलांना एकच सूचना द्या : ज्यांनी तुम्हाला सांभाळले, खाऊ घातले, शिकवले, तुमच्यासाठी प्रार्थना केली, त्यांची नावे लिहा. कोणी पणजोबांपासून लिहील, कोणी वसतिगृहातील स्वयंपाकाच्या मावशींचे नाव लिहील, आणि दोन्ही कागद एकाच भिंतीवर शेजारी लागतील. ज्या दोन मुलांविषयी आपण लिहिले आहे, त्यांच्याजवळ त्या वेळी मंडळीतील एखादी आजी बसवा. मात्र त्या आजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मुलाला काही विचारायचे नाही; त्याने मदत मागितली तरच नावे लिहायला मदत करायची. आणि कागद भिंतीवर लावायचा की घरी न्यायचा, हे प्रत्येक मुलाला स्वतः ठरवू द्या.