99 टक्के सक्सेस म्हणजे नक्की काय? (आप्पांची अँजिओप्लास्टी)

कृष्णाकाठ
मंडळी, जरा घाईचं आहे. आप्पा (वय 67) दोन महिने म्हणत होते, वैरणीचा भारा घेऊन बांध चढलो की छाती भरून येते. बसले की पाच मिनिटांत थांबायचं. आम्ही पित्त समजून ओवा चारला. मंगळवारी अँजिओग्राफी झाली, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूला जाणाऱ्या शिरेत) 80 टक्के ब्लॉक. आप्पा टेबलावरच, आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, करा सही." माझा हातच चालेना. घरी विचारतो म्हटलं आणि त्यांना घेऊन आलो. आता सीडी लावून बघतोय. काळ्या काटक्या हलतात, त्यातली एक मध्येच दोऱ्याएवढी होते.

मावसभाऊ न्यूयॉर्कला असतो. त्याने तिथल्या आरोग्य खात्याचा अहवाल पाठवला. हॉस्पिटलवार, अगदी डॉक्टरच्या नावानिशी, किती अँजिओप्लास्टी केल्या नि किती पेशंट दगावले ते छापलंय. आपल्याकडे दोन ठिकाणी विचारलं. एकाने "99 टक्के सक्सेस"चं गुळगुळीत पत्रक दिलं. दुसरा असा बघायला लागला, जणू मी त्याच्या जमिनीचा सातबारा मागतोय. पत्रकवाल्याकडे जाऊ का?

जुना कॅथलॅबवाला
कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन होतो, 26 वर्षं. 99 टक्के कशाचे, ते विचारलंत का? बलून फुगला, स्टेंट बसला, रक्त वाहायला लागलं, की कागदावर सक्सेस. पेशंट महिन्याने कसा आहे, हे त्या पत्रकात नसतं.

न्यूयॉर्कचा अहवाल पुन्हा उघडा. इमर्जन्सीचे आकडे वेगळे दिलेत, आणि वय, किडनी, हृदयाचं पंपिंग असा सगळा हिशोब धरून आकडा दुरुस्त केलाय. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत शंभरात एकही सहसा जात नाही. अटॅक घेऊन आलेल्यांत हेच प्रमाण कित्येक पट. तरी तिथेही ओरड झालीच, की आकडा बिघडेल म्हणून डॉक्टर अवघड पेशंट टाळतात. शेवटी शॉकमधले, म्हणजे हृदय पुरेसं पंप करेना नि बीपी कोसळलेले, अगदी बिकट पेशंट 2006 पासून हिशोबातून वगळले.

आमच्याकडे एकदा रात्री दोनला एक ऊसतोड कामगार आणला. आधी दोन हॉस्पिटलांनी "बेड नाही" म्हणून परत धाडलेला. अंग गार, बीपी लागेना. साहेबांनी तरी घेतला. शीर उघडली, पहाटे चारला माणूस गेला. मृत्यू आमच्या रजिस्टरात चढला, त्या दोघांची पाटी कोरी. तुमच्या पत्रकवाल्याला विचारा, मागच्या महिन्यात रात्री अटॅकचे किती घेतले? वर्षाला किती करता? त्यातल्या मांडीऐवजी मनगटाच्या शिरेतून किती? काही बिनसलं तर बायपासचा सर्जन इथेच आहे का? भिंतीवरच्या सर्टिफिकिटांवर जाऊ नका.

शमाताई
आमच्या ह्यांचा स्टेंट छान बसला होता. पाचव्या महिन्यात दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. स्टेंटमध्ये गुठळी, पुन्हा आयसीयू. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू देऊ नका, दाताचा डॉक्टर काहीही म्हणो.

फिजिशियन_सांगली
घाई कसली ते आधी ठरवा. चढताना दुखतं, बसलं की थांबतं, हे नेमकं तसंच चालू असेल तर विचाराला सहसा वेळ मिळतो. 2020 साली इस्केमिया नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. 5179 पेशंट, त्यात भारतातलेही. अशा स्थिर आजारात लगेच स्टेंट-बायपास केलेले आणि आधी नीट औषधं दिलेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य शिरेत मोठा ब्लॉक असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले त्यात नव्हते, तेव्हा ते दोन्ही दाखवून घ्या. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर हा धागा वाचत बसू नका. उचला आणि चोवीस तास कॅथलॅब चालू असेल तिथे न्या.

कृष्णाकाठ
काल दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सीडी त्यांनी नंतर पाहिली. आधी आप्पांना विचारलं, "भारा किती किलोचा?" आप्पा म्हणाले, चाळीस. डावी मुख्य शीर साफ आहे, पंपिंग 55 टक्के, म्हणजे चांगलं. गोळ्या सुरू केल्यात, जिभेखालची खिशात दिलीय, पंधरा दिवसांनी बोलावलंय. तेव्हाही बांध चढताना दुखत असेल तर स्टेंट टाकू म्हणाले, मनगटातून. काका, रात्रीच्या अटॅकचं विचारलं. वही उघडून दाखवली. मागच्या महिन्यात 11, त्यातले दोन गेले.

भारा सध्या मी आणतोय.