मॉडेलवर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारताना तुमचं काय काय झालं? (अनुभव सांगा)

दाबोळीचा शेजारी
चवथीची साफसफाई काढलीय. कपाटाच्या वरच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. सोडून बघतो तर माझं सी हॅरियर, नौदलाच्या लढाऊ विमानाचं मॉडेल, १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं). ११ मे २०१६ ला नौदलाच्या इथल्या हंसा तळावर या विमानांना निरोप दिला, त्याच आठवड्यात हट्टाने किट मागवलं होतं. आमचं लहानपण त्या आवाजात गेलंय. ते हवेत उभं तरंगायला लागलं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचे.

जूनभर रंगवलं. जुलैत, बाहेर धो धो पाऊस, मी बाल्कांवात उभा राहून ग्लॉस (चकचकीत) क्लिअरचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत विमान ताकात बुडवून काढल्यासारखं. शेपटीवर ३०० स्क्वाड्रनचा पांढरा वाघ होता, तो गायब. बायको म्हणाली, "धुक्यातून येतंय असं समजा." गुंडाळून ठेवलं ते आज उघडलं.

शेवटच्या हाताला कोणाकोणाचं वाटोळं झालंय? लिहा, तेवढंच बरं वाटेल.

रात्रपाळी
जुलै, गोवा आणि लॅकर. तिघांना एकत्र बसवलंस आणि वर आम्हाला विचारतोस!
लॅकरमधलं थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि कोटात अडकते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. बहुतेक वेळा सुटतं. कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घातलेलं थिनर एअरब्रशने (बारीक फवारा मारायच्या पेनाने) अगदी हलकं मार. वरचा थर जरा मऊ होतो आणि सावकाश सुकताना ओल सोडतो. आधी पोटाकडे करून बघ. माझं एक मिग असं वाचलं. दुसऱ्यावर घाईत जास्त मारलं, तर डीकॅल (वर चिकटवलेलं छापील चित्र) घसरत पंखाच्या टोकाला गेलं.

दाबोळीचा शेजारी
इतक्या वर्षांनी पण?

रात्रपाळी
साधं लॅकर असेल तर हो. गाड्यांचं टू-के (हार्डनर मिसळून पक्कं होणारं) असेल तर नाद सोड.

कुळागर
टू-केवरून आठवलं. एअरब्रश नव्हता तेव्हा मी आमच्या इथल्या गाड्यांच्या पेंटरकडे मॉडेल घेऊन गेलो होतो. त्याने एका हातात विमान धरलं, दुसऱ्या हाताने बंपरवाली गन. सगळ्या पॅनेल लाइनी (पत्र्याच्या जोडांच्या रेघा) बुजल्या. साबणाची वडी वाटत होती. पैसे घेतले नाहीत बिचाऱ्याने, वर चहा पाजला.

अनूची आई
मुलगा नववीत आहे, त्याच्यामुळे मी यात. त्याने कॅनोपी (वैमानिकावरची काच) सुपरग्लूने चिकटवली, सकाळी बघतो तर काचेवर आतून पांढरी वाफ. खूप रडला. मग कोणीतरी सांगितलं की पुढच्या वेळी चिकटवायच्या आधी कॅनोपी पातळ ॲक्रिलिक क्लिअरमध्ये बुडवायची, टिश्यूवर टेकवून जादा निथळू द्यायचं आणि वाटीखाली झाकून ठेवायचं, धूळ बसत नाही. तसं केलं. काचेहून काच झाली! पण माझी आमटीची वाटी गेली ती गेलीच.

मोगऱ्याचा वळेसर
ताई, वाटी अमोनिया घातलेल्या काच पुसायच्या पाण्यात ठेवा, ॲक्रिलिक असेल तर निघेल. आमटी मात्र दुसऱ्या वाटीत.

सातवा फ्रिगेट
डीकॅलखाली चांदी येते त्याचं कोणी लिहिलं नाही अजून. मी कितीतरी वर्षं मॅट रंगावर सरळ डीकॅल लावत होतो. तिरंगी गोलाभोवती सगळीकडे चंदेरी कडा, बिस्किटाचा कागद चिकटवल्यासारख्या. दोष डीकॅलचा समजून नवीन मागवले, तेच. मॅट रंग म्हणजे बारीक खडबड, त्या खळग्यांत हवा राहते आणि तीच चकाकते. आधी ग्लॉस, मग डीकॅल, मग परत क्लिअर, आणि शेवटी मॅट. एवढं कळायला मला चार सी हॉक (विक्रांतवरची जुनी विमानं) लागले.

रात्रपाळी
चार! विक्रांतवर पाठवायचे होते काय?

सातवा फ्रिगेट
एक पाठवला असता तर बुडाला असता.

चित्रशाळेतला
आमच्या घरी गणपतीची शाळा आहे, डिचोलीकडे. सध्या झोपायला वेळ नाही, तरी लिहितोय. पावसात क्लिअर मारण्याचा आमचा पिढीजात अनुभव आहे म्हणा. बाबा आधी भिंतीला हात लावून बघतात. भिंत गार ओली लागली की त्या दिवशी वार्निशचा डबा उघडायचा नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो. खोलीत दोन मोठे बल्ब लावून दार ओढून घेतात. मी तीच युक्ती विमानांना केली, खोक्यात बल्ब लावून. मात्र जवळ ठेवू नका. माझ्या ॲलिझे विमानाचा प्रोपेलर वाकला. आणि स्प्रे मारून झाल्या झाल्या तर नकोच. आधी वास जाऊ दे, नाहीतर भडका उडायचा.
अजून एक. आम्ही मूर्तीच्या अंगाला चमक ठेवत नाही, डोळ्यांना तेवढं वार्निश. विमानाचंही तसंच करतो, अंग मॅट, काच चकचकीत. एकदम जीव येतो.

अनूची आई
दादा, शाडूची मिळेल का अजून? दीड फूट.

चित्रशाळेतला
वहिनी, दीडची संपली. एक फुटाची आहे. निरोप टाका.

निवृत्त कारागीर
मी नौदलात विमानांच्या देखभालीला होतो. तुम्ही मंडळी सगळं विमान एकसारखं मॅट करता ते बघवत नाही. खऱ्या विमानावर खारा वारा बसतो म्हणून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. जिथे रोज हात लागतो, पाय पडतो, तेल गळतं, तिथे चमक वेगळी. बोगमाळ्याच्या संग्रहालयात जाऊन सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या पोटाखाली उभे राहा आणि नुसतं बघा, रंग काय काय करतो ऊनपावसात.
आणि मॅटचा डबा नीट ढवळा रे बाबांनो. ती पूड तळाशी बसते. माझ्या नातवाने न ढवळता वरचंवरचं आधी वापरलं, ते चकचकीत आलं. मग तळाचं वापरलं, गडद करड्यावर पीठ भुरभुरल्यासारखं झालं.

मोगऱ्याचा वळेसर
काका, हॅरियरवर काम केलंत?

निवृत्त कारागीर
केलं. १९८३ ला आली तेव्हा मी तरणा होतो. जास्त विचारू नका, लिहीत बसेन आणि घरी मातोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायची आहे.

तिसवाडी लोकल
माझ्याकडे विमान नाही, पण शाळेत असताना केलेल्या जहाजावर घरातलंच फर्निचरचं वार्निश मारलं होतं. पांढरं होतं, आता साजूक तूप. आई म्हणते तसंच छान दिसतं. कोणी पणजीहून वास्कोला येतंय का शनिवारी?

दाबोळीचा शेजारी
आज दुपारी चार तास कडक ऊन होतं. भिंतीला हात लावून बघितला (देव बरें करूं, शाळेतल्या भावा). पोटाकडे थिनर हलकं मारलं. पहिल्यांदा काहीच नाही, मग कडेकडेने करडा रंग वर यायला लागला. धीर करून शेपटीवर मारलं. एक बाजू निघाली, दुसरीकडे अजून धुकं आहे, ती भिंतीकडे करून ठेवलीय. धाकटी येऊन म्हणाली, "बाबा, हा वाघ आज चिकटवला?"

रात्रपाळी
फोटो टाक. भिंतीकडची बाजू आधी.