पहिल्या वर्षाची शिल्लक पुढे धरू नका

जपानमध्ये शिकवायला येणाऱ्यांच्या शिल्लकीचा जो हिशेब वर मांडलाय, त्यातलं घरभाड्याबद्दलचं अगदी पटलं, पण शाळेत शिकवणाऱ्याची पहिल्या वर्षी जेवढी शिल्लक पडते तेवढीच दुसऱ्या वर्षीही पडेल, हा हिशेब चुकतोय. जपानमध्ये आयकराशिवाय रहिवासी कर असतो, जूमिनझेई. साधारण १० टक्के, तोही आदल्या वर्षीच्या कमाईवर, आणि १ जानेवारीला तुम्ही ज्या गावात राहता ते गाव तो घेतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये आलेल्या शिक्षकाला पुढच्या जूनपर्यंत त्याची चाहूलही लागत नाही.

पगारातून परस्पर कापला गेला तर ठीक. नाहीतर जूनमध्ये घरी जाडसर पाकीट येतं, आत जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांच्या स्लिपा. कोनबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या, काउंटरवर स्लिप दिली की बारकोड वाचतात, शिक्का मारतात आणि पावतीचा तुकडा फाडून हातात देतात. काम दोन मिनिटांचं, पण पैसे आधीच बाजूला काढलेले हवेत. नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या पगारापासूनच काढावेत असं मी कळकळीने सांगेन.

मार्चमध्ये करार संपवून भारतात परतलात तरी त्या वर्षीचा हा कर चुकत नाही. निघण्याआधी नगरपालिकेत जाऊन तुमच्या वतीने तो भरणारा माणूस नेमून ठेवा.